तुम्ही विचारलेत म्हणून : माकडे कुठेही राहतात, मग त्यांना वर्षावनच कशाला हवे?

इंदूरमध्ये आमच्या भागातल्या मराठी मंडळात गणेशोत्सवाच्या दहा दिवसांपैकी एक संध्याकाळ व्याख्यानासाठी राखलेली असते. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली असल्यामुळे ती संध्याकाळ अनेकदा माझ्याकडे आली आहे, आणि मी बहुतेक वेळा उष्ण कटिबंधातल्या वर्षावनांविषयी आणि तिथल्या माकडांविषयी बोलले आहे. आरतीची तयारी सुरू होण्याच्या सुमाराला श्रोत्यांपैकी कोणीतरी उभे राहते आणि जवळजवळ त्याच शब्दांत विचारते, "ताई, माकडे तर कुठेही राहतात. ओंकारेश्वराच्या पायऱ्यांवर राहतात, पाताळपाणीच्या स्टेशनावर राहतात, मांडूच्या पडक्या महालांत राहतात. मग अमुक एका माकडासाठी अमुकच जंगल राखले पाहिजे, असा आग्रह कशासाठी?" आरतीपूर्वीच्या पाच मिनिटांत या प्रश्नाला न्याय देणे मला कधीच साधलेले नाही, म्हणून ते उत्तर सवडीने लिहून काढत आहे.

प्रश्न विचारणाऱ्याने माकडे पाहिलेली असतात आणि जे पाहिले त्यावरूनच तो बोलत असतो, हे आधी मान्य केले पाहिजे. आपल्या माळव्यात दोन जाती सर्रास दिसतात. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर आणि लाल तोंडाचे, आखूड शेपटीचे ते माकड. मराठीने हे दोन शब्द वेगळे जपले आहेत ही फार चांगली गोष्ट आहे, कारण हे दोन प्राणी पोटापासून स्वभावापर्यंत वेगळे आहेत. पुण्याचे नातेवाईक ज्याला माकड म्हणतात ते मात्र तिसरेच. त्याच्या डोक्यावरचे केस मधोमध भांग पडून टोपीसारखे बसलेले असतात आणि शेपूट चांगली लांब असते. पश्चिम भारतात तापी नदी ही आपल्या लाल तोंडाच्या माकडाची आणि त्या टोपीवाल्याची जुनी सीमा मानली जाते. या तिन्ही जाती माणसाच्या आसपास जगायला शिकलेल्या आहेत, आणि आपल्या डोळ्यांसमोर त्याच असल्यामुळे "माकड म्हणजे कुठेही राहणारा प्राणी" असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. जगातल्या शेकडो जातींपैकी ज्या आपल्या दारात आल्या त्यांच्यावरून आपण, दारात कधीच न येणाऱ्यांविषयी मत बनवतो.

दुसरा गैरसमज जंगलाविषयीचा आहे. आपल्याला ठाऊक असलेले जंगल म्हणजे चोरलच्या घाटातले साग, पळस, धावडा आणि तेंदूचे पानझडी जंगल. फाल्गुनात तिथली पाने गळतात, ऊन थेट जमिनीवर पडते, आणि वानरांची टोळी झाडावरून जमिनीवर, जमिनीवरून खडकावर सहज ये-जा करते. अशा जंगलात वर आणि खाली यांत फार अंतर नसते. वर्षावनाची गोष्ट निराळी आहे. तिथे झाडे तीस ते चाळीस मीटर उंच, म्हणजे दहा-बारा मजली इमारतीएवढी असतात, काही त्याहूनही वर डोके काढतात, आणि वरच्या पर्णछत्रावर पडणाऱ्या उजेडापैकी जेमतेम शंभरातला एक-दोन हिस्सा जमिनीपर्यंत पोहोचतो. कोवळी पाने, फुले, फळे आणि त्यांवर जगणारे कीटक यांचा मोठा साठा त्या उजेडात, म्हणजे वर असतो. मधल्या थरात वेली आणि सावली सोसणारी झाडे असतात. खाली अंधार, ओल आणि वरून पडलेल्या बिया. नकाशावर जो एक हिरवा ठिपका दिसतो तो असा एकावर एक रचलेला असतो, आणि प्रत्येक थराची हवा, वारा, फांद्यांची जाडी, अन्न आणि शत्रू वेगळे असतात.

हे मला पुस्तकातून माहीत होते, तरी डोळ्यांना माहीत नव्हते. उन्हाळ्याच्या एका सुट्टीत मी पहिल्यांदा तमिळनाडूतल्या अण्णामलै डोंगरांत गेले, तेव्हा माळव्याच्या सवयीने समोर आणि फार तर जरा वर बघत चालत होते, आणि दोन दिवस मला एकही सिंहपुच्छ माकड दिसले नाही. आमच्याबरोबरचा वाटाड्या त्या भागातलाच होता. त्याने तिसऱ्या दिवशी मला वर बघणे थांबवायला सांगितले. आधी जमिनीकडे पाहायचे, कान वर ठेवायचे, असे त्याचे शास्त्र होते. पायवाटेवर काटेरी फळाची ताजी फुटकी टरफले पडलेली होती. ते कलेनिया नावाच्या उंच झाडाचे फळ, डुरियनच्या कुळातले, तिकडे त्याला वेडिप्पला म्हणतात. टरफले ओली असतील तर सिंगवाल कुरंगू अजून डोक्यावरच आहे, असे तो म्हणाला. सिंगवाल कुरंगू म्हणजेच सिंहाच्या शेपटीचे माकड. आम्ही उभे राहिलो. काही वेळाने वरून आणखी एक टरफल खाली आले, आणि मग खूप उंचावर, पानांच्या फटीत, काळ्या अंगाचे आणि चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ असलेले ते माकड दिसले. त्याच झाडांमध्ये थोड्या अंतरावर निलगिरी वानरांची टोळी शांतपणे पाने खात बसली होती. त्याच दिवशी दुपारी, जंगल संपून रस्ता सुरू होतो त्या कडेला, टोपीवाली माकडे प्रवाशांची वाट पाहत बसलेली दिसली. जेमतेम दोन-तीन किलोमीटरांच्या अंतरात तीन जाती होत्या आणि तिन्हींनी त्या जंगलाचा वेगवेगळा भाग आपला मानलेला होता.

ही वाटणी कशी होते, याचा सर्वांत देखणा अभ्यास माझ्या मते पश्चिम आफ्रिकेत झाला आहे. आयव्हरी कोस्ट या देशात ताई नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्या एका वर्षावनात माकडांच्या सात-आठ जाती एकत्र नांदतात. लाल कोलोबस बहुतेक वेळ शेंड्यांजवळ असतो. डायना माकडे पर्णछत्राच्या वरच्या आणि मधल्या भागात सतत हालचाल करत फळे आणि कीटक शोधतात. कॅम्पबेलची माकडे खालच्या थरात वावरतात. ऑलिव्ह कोलोबस हा लहानखुरा, भुऱ्या रंगाचा प्राणी खालच्या दाट वेलींत लपून राहतो. सूटी मँगाबे हे माकड तर दिवसाचा बहुतेक भाग जमिनीवरच काढते. पाचोळ्यातून ते सॅकोग्लॉटिस नावाच्या झाडाच्या दगडासारख्या कठीण बिया शोधते आणि दाढांनी फोडून खाते, आणि त्यासाठी त्याच्या दाढांवरचे कठीण आवरण (एनॅमल) विलक्षण जाड असते. ज्या अन्नासाठी वरचा कोणताही शेजारी भांडायला येणार नाही, असे अन्न त्याने जमिनीवर मिळवले आहे.

पण ताईच्या जंगलातली खरी मोलाची गोष्ट पुढे आहे, आणि ती सांगताना मला दर वेळी आनंद होतो. हे थर भिंती घातल्यासारखे पक्के नाहीत. कोण शेजारी आहे यावर कोण कुठे जाईल हे ठरते. तिथे माकडांना वरून गरुडाचे, खालून बिबट्याचे आणि चिंपांझींचे भय असते. चिंपांझी टोळीने लाल कोलोबसची शिकार करतात. १९९७ साली रोनाल्ड नोए आणि रेदुआन बशारी या संशोधकांनी दाखवून दिले की चिंपांझींच्या शिकारीच्या हंगामात लाल कोलोबस डायना माकडांच्या सोबत अधिक राहतात. इतकेच नव्हे, तर ध्वनिमुद्रित केलेले चिंपांझींचे आवाज ऐकवले की कोलोबस डायनांच्या जवळ सरकतात, आणि बिबट्याचा आवाज ऐकवला तर तसे करत नाहीत. डायना माकडे खालून येणाऱ्या शत्रूवर फार चांगली नजर ठेवतात, वर बसलेले कोलोबस आकाश राखतात, आणि ही सोबत दोघांनाही उपयोगी पडते. पुढे स्कॉट मॅकग्रॉ आणि बशारी यांनी मँगाबेंविषयी असेच पाहिले. जमिनीवरचा हा शेजारी जवळ असेल, तर झाडांवर राहणारी माकडे एरवी जात नाहीत इतक्या खाली उतरतात, काही तर जमिनीवरही येऊन खातात, कारण जमिनीवरच्या धोक्याची सूचना देणारा कोणीतरी तिथे आहे, हे त्यांना ठाऊक असते. याचा अर्थ असा की झाडे, फळे, पाऊस सगळे जसेच्या तसे असूनही, एक जात नाहीशी झाली तर दुसऱ्या जातीच्या वाट्याचे जंगल आकसते. शिकारीमुळे मँगाबे संपले, तर नकाशावरचा हिरवा रंग तेवढाच राहील, पण कॅम्पबेलच्या माकडाला त्यातला खालचा मजला पूर्वीसारखा वापरता येणार नाही.

उंची आणि शत्रू यांच्याइतकेच पोटही जागा ठरवते. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली गेली, पाणी चढले, आणि १९१४ च्या सुमारास बॅरो कोलोरॅडो नावाची टेकडी सुमारे पंधरा चौरस किलोमीटरचे बेट बनली. तिथे क्लॅरन्स रे कार्पेंटर यांनी १९३१ पासून हाउलर माकडांचे निरीक्षण सुरू केले. रानातल्या माकडांचा पद्धतशीर अभ्यास करण्याची परंपराच बऱ्याच अंशी त्या कामापासून सुरू होते. पुढे कॅथरीन मिल्टन यांनी त्याच बेटावर हाउलर आणि स्पायडर माकड यांची तुलना केली. दोघांचे वजन साधारण सारखे, सहा ते आठ किलो, आणि दोघेही त्याच झाडांच्या वरच्या फांद्यांवर राहणारे. तरीही दोघांचे जंगल वेगळे. हाउलरच्या आहारात पानांचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. पाने सगळीकडे मिळतात, पण त्यांत कस कमी आणि तंतू जास्त, म्हणून त्याचे आतडे अन्न सुमारे वीस तास धरून ठेवते. असा प्राणी थोडे खातो, पुष्कळ विश्रांती घेतो, लहानशा हद्दीत राहतो आणि शेजारच्या टोळीशी भांडायला जाण्याऐवजी पहाटे दूरवर ऐकू जाणारी आरोळी देऊन आपली जागा कळवतो. स्पायडर माकडाचा जवळजवळ तीन चतुर्थांश आहार फळांचा. त्याच्या पोटातून अन्न सुमारे चार तासांत पुढे जाते, त्यामुळे त्याला पिकलेले फळ सतत हवे असते, आणि पिकलेले फळ आज इथे तर उद्या दोन किलोमीटरांवर. त्याची हद्द हाउलरच्या हद्दीपेक्षा कितीतरी पटींनी मोठी असते, टोळी दिवसभर लहान लहान गटांत फुटते आणि पुन्हा जुळते, आणि कोणते झाड कधी पिकेल हे त्याला लक्षात ठेवावे लागते. मिल्टन यांनी नोंदवलेले मेंदूचे वजन या संदर्भात सांगण्यासारखे आहे. हाउलरचा मेंदू सुमारे ५० ग्रॅम आणि स्पायडरचा सुमारे १०७ ग्रॅम. एवढ्याच एका कारणाने तो दुप्पट झाला असे म्हणणे घाईचे होईल, पण विखुरलेल्या फळांचा हिशेब ठेवणाऱ्या प्राण्याला मोठ्या स्मरणशक्तीचा उपयोग होतो, यात शंका नाही. अण्णामलैमध्ये मी जे पाहिले तेही याच नियमाचे होते. निलगिरी वानराचे पोट कप्प्याकप्प्यांचे असते, त्यात जिवाणू पाने आंबवतात, आणि म्हणून त्याला बसल्या जागी जेवण मिळते. सिंहपुच्छ माकडाला कलेनियाची फुले आणि बिया, वड-उंबराच्या जातीची फळे, फणस, आणि फांद्यांच्या सालीखालचे किडे हवे असतात. एका टोळीला ते सगळे पुरण्यासाठी एक ते पाच चौरस किलोमीटर सलग जंगल लागते.

सलग हा शब्द मी मुद्दाम वापरला, त्याकडे नंतर येते. त्याआधी ऋतूंविषयी सांगितले पाहिजे, कारण वर्षावनाला आपल्यासारखे ऋतू नसतात, तिथे बारा महिने फळफळावळ असते, हा समज फार पसरलेला आहे. पेरू देशातल्या मनू राष्ट्रीय उद्यानात कोचा काशू नावाचे संशोधन केंद्र आहे. तिथे जॉन टेरबॉर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या पाच जातींचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना दिसले की वर्षातले सुमारे तीन महिने जंगलात फळांची तीव्र टंचाई असते, आणि त्या काळात एकूण वनस्पतींच्या एक टक्क्याहूनही कमी जाती, म्हणजे उंबराच्या वर्गातली झाडे, काही ताड आणि मध देणारी काही फुले, फळांवर जगणाऱ्या प्राण्यांचा जवळजवळ सगळा समाज तगवून धरतात. एरवी ज्या जाती एकाच झाडावर जेवताना दिसतात, त्या या दिवसांत एकमेकींपासून दूर जातात. तपकिरी कापुचिनचे जबडे बळकट असतात, ते ताडाची कठीण फळे फोडते. लहानखुरी स्क्विरल माकडे मोठ्या टोळ्या करून दूरदूरच्या उंबरांच्या शोधात भटकतात. इवलाली टॅमरिन माकडे वेलींच्या फुलांतला मध पितात. भरल्या काळात जंगल पाहून कोणाला कोणती जागा लागते हे ठरवणारा माणूस म्हणूनच चुकतो. खरी गरज कळते ती टंचाईत. दुष्काळात गावाला कोणती विहीर तारते हे भर पावसात सांगता येत नाही, तसेच हे आहे.

उंबराविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून मला राहवत नाही. आपल्या घरांत दत्ताची भक्ती असते, मंदिराच्या आवारात औदुंबर असतो, आणि त्याच्या बुंध्यालाच लगडलेली फळे आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. उंबराच्या प्रत्येक जातीचे परागीभवन ठरावीक चिमुकल्या गांधीलमाश्या करतात. त्या माश्यांचे आयुष्य अगदी थोडे असते. त्यांचा वंश चालू राहायचा तर परिसरात कुठले ना कुठले झाड सदैव योग्य अवस्थेत असावे लागते, म्हणून ही झाडे एकाच वेळी न फळता आपापल्या वेळेला फळतात. माशीची ही गरज भुकेल्या माकडाच्या कामी येते. पण एका झाडाचा बहर थोडे दिवस टिकतो आणि दुसरे झाड दूर असते. म्हणून जंगलात उंबराची झाडे असून भागत नाही, एका झाडावरून दुसऱ्याकडे जाण्याची वाट असावी लागते.

काही जंगलांत ही वाट पाणी ठरवते. ब्राझीलमधल्या मामिराउआ भागात ॲमेझॉनच्या पुराचे पाणी दरवर्षी दहा-बारा मीटर चढते आणि कित्येक महिने जंगल बुंध्यांपर्यंत, काही ठिकाणी फांद्यांपर्यंत पाण्यात उभे असते. लालभडक टकल्या चेहऱ्याचे, आखूड शेपटीचे उआकारी माकड याच जंगलाचे. १९८० च्या दशकात जोसे मार्सिओ आयरेस यांनी त्याचा अभ्यास केला. पुराच्या काळात ते झाडांवर कच्च्या फळांतल्या कठीण बिया फोडून खाते, आणि पाणी ओसरले की जमिनीवर उतरून नुकतेच रुजलेले कोंब खुडते. जे जमीन म्हणून सहा महिने अस्तित्वातच नसते, ते उरलेल्या काळात त्याचे स्वयंपाकघर होते. बोर्निओतले लांब नाकाचे माकड दिवसा नदीपासून आत जाते, पण क्वचितच एखाद्या किलोमीटरच्या पलीकडे, आणि संध्याकाळी काठावरच्या झाडांवर झोपायला परत येते. म्हणून किनाबातांगन नदीच्या काठावरची चिंचोळी पट्टी तोडली, तर मागचे शेकडो हेक्टर जंगल तसेच ठेवूनही त्या माकडाचे घर मोडते.

आता सलगतेकडे. अण्णामलैच्या मधोमध वालपारैचे पठार आहे, सुमारे २२० चौरस किलोमीटरांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथले वर्षावन तोडून चहा-कॉफीचे मळे लावायला सुरुवात झाली, आणि आज त्या मळ्यांत वर्षावनाचे चाळीसेक तुकडे बेटांसारखे उरले आहेत. त्यांपैकी पुदुतोट्टम नावाचा एक तुकडा जेमतेम ९२ हेक्टरांचा आहे, म्हणजे एक चौरस किलोमीटरही भरत नाही. वर दिलेल्या हिशेबाने तिथे सिंहपुच्छ माकडांची एखादीच टोळी राहायला हवी. प्रत्यक्षात तिथे आज दीडशेहून अधिक माकडे आहेत. मंडळातल्या प्रश्नकर्त्याला हे कळले, तर तो लगेच म्हणेल की पाहा, माकडे कुठेही राहतात, हेच सिद्ध झाले. म्हणून ती कशी राहतात हे पाहिले पाहिजे. सलग जंगलात जे माकड जवळजवळ जमिनीवर उतरतच नाही, ते इथे दिवसाचा बराच वेळ जमिनीवर घालवते, कॉफीच्या झुडपांतून चालते, कामगारांच्या चाळींच्या छपरांवर चढते, घरात शिरून तांदूळ आणि अंडी उचलते, आणि रस्ता ओलांडताना गाडीखाली येते. या जातीची मादी साधारण सहा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते आणि दोन पिल्लांत अडीच-तीन वर्षांचे अंतर असते. अशा जातीत रस्त्यावर गेलेली एक माता भरून यायला फार काळ लागतो. शिवाय चहूबाजूंनी चहाचे मळे असल्यामुळे इथल्या तरुण नरांना या तुकड्याबाहेरच्या टोळीत जाण्याची वाट उरलेली नाही, आणि रक्तात नवी भर पडत नाही. डोकी मोजून जे उत्तर मिळते ते समाधानकारक वाटते, पण हा प्राणी ज्या जीवनासाठी घडला आहे ते जीवन इथे उरलेले नाही, असे मला तिथे उभे राहून मनापासून वाटले.

म्हणूनच सिंहपुच्छ माकड केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या आंदोलनाचे प्रतीक झाले ते योग्य होते. कुंती नदीवर धरण बांधून जे बुडणार होते ते नुसते काही हेक्टर जंगल नव्हते, तर सलग वर्षावनाचा गाभा होता. तो प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्या खोऱ्यातल्या माकडांना आज कोणाच्या छपरावर चढावे लागत नाही.

आपल्या लाल तोंडाच्या माकडाने आणि वानराने मात्र दुसरी कला साधली आहे. पाने, फळे, शेतातला हरभरा, देवळातला प्रसाद, जे मिळेल ते खायचे. झाडावर, कड्यावर, गच्चीवर, जिथे सुरक्षित वाटेल तिथे झोपायचे. या गुणांमुळेच लाल तोंडाचे माकड आता तापीच्या दक्षिणेकडे सरकत आहे आणि टोपीवाल्याला हटवत आहे. मागच्या वर्षी एका मुलाने विचारले होते की आपली माकडे पकडून त्या रिकाम्या होत चाललेल्या वर्षावनात सोडली, तर जंगल पुन्हा भरेल का. त्याला मी जे सांगितले तेच इथे लिहिते. ती तिथे गेली तर जंगलाच्या कडेला, रस्त्यापाशी, चहाच्या टपरीजवळ बसतील, आणि चाळीस मीटर उंचीवरचे कलेनियाचे फळ जसे आहे तसेच राहील, त्याला आपले गिऱ्हाईक भेटणार नाही.

पुदुतोट्टममध्ये नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या मंडळींनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना अग्निशमनाच्या कामी येणाऱ्या कॅनव्हासच्या नळ्यांचे पूल बांधले आहेत, आणि रस्त्यावर गाड्यांचा वेग कमी करायला लावणारे राखणदार नेमले आहेत. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा मी एका राखणदाराशेजारी संध्याकाळभर उभी होते. साडेपाचच्या सुमाराला टोळी कॉफीच्या मळ्यातून परत निघाली. राखणदाराने हात वर करून एक बस थांबवली. पोटाला पिल्लू बिलगलेली एक मादी बुंध्यावरून सरसर वर चढली, पुलाच्या टोकाशी क्षणभर थांबली, आणि आमच्या डोक्यावरून पलीकडच्या पर्णछत्रात गेली. तिच्या मागून आणखी चार-पाच माकडे वरूनच गेली. टोळीतले दोन तरुण नर मात्र पुलाकडे वळलेच नाहीत. ते थांबलेल्या बससमोरून, डांबरी रस्त्यावरून, सावकाश चालत पलीकडे गेले.